बारा महिने उसनी न द्यायची गाडी

नेदरलँड्समधून इंग्लंडमधल्या वॉटफर्डला यायचं ठरलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं, गाडी तिकडेच विकून टाक. स्टिअरिंग डावीकडे, मीटर किलोमीटरचं, दिव्यांचा झोत उलट्या बाजूला, कशाला हा उपद्व्याप? मी ऐकलं नाही. आमच्या घराण्यातली ती पहिली गाडी. वडिलांनी परभणीच्या एसटी डेपोत तीस वर्षं बस धुतल्या. नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला आमच्याकडे आले, तर दुसऱ्याच दिवशी बादली आणि फडकं घेऊन खाली उतरले आणि भर थंडीत ती गाडी चाकांच्या आतल्या बाजूपर्यंत धुऊन काढली. शेजारचे खिडकीतून बघत होते. बघू देत. ती गाडी मी विकणार नव्हतो.

कागदपत्रांसाठी एजंट लावू, असं बायको म्हणाली. त्यालाही मी नाही म्हटलं. वडील पगाराच्या वहीत अंगठा उमटवायचे. घरात सही करणारा पहिला माणूस मी, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मी आठवीपासून भरत आलोय. वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि केलेल्या सहीपासून मागे हटायचं नाही, एवढं कॉलेजने मला दिलं. ते कमी नाही.

कायम राहायला येणाऱ्याला स्वतःची वापरलेली गाडी करमाफीत आणता येते. तिकडे वर्षभर राहिल्याचा पुरावा, सहा महिने गाडी वापरल्याचा पुरावा, सगळं मीच लावलं. मंजुरी आली, तिच्यात एक अट होती. बारा महिने ही गाडी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तारण ठेवायची नाही आणि कुणाला उसनी द्यायची नाही. मी ती दोनदा वाचली आणि मान्य केली. आपली गाडी कोण मागणार, असं तेव्हा वाटलं. मग पुढचे दिवे बदलले, मीटरवर मैल आणले, इथली नंबरप्लेट लागली. तिचा फोटो वडिलांना पाठवला.

आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरचा एक जण राहतो. आमचं सामान अजून वाटेत होतं तेव्हा त्यानेच आम्हाला दोन गाद्या, कुकर, इस्त्री आणि मुलीसाठी हीटर दिला होता. कधी परत देऊ म्हणून विचारलं तर म्हणाला, घाई काय आहे, म्युझियममध्ये ठेवायच्यात का? त्या दिवसापासून आमची मैत्री.

अटीचे तीन महिने राहिले होते. एका रविवारी सकाळी त्याने बेल वाजवली. त्याची आई नागपूरहून बर्मिंगहॅमला त्याच्या बहिणीकडे आली होती. पहाटे ती बाथरूममध्ये पडली, डोक्याला मार लागला, आता हॉस्पिटलमध्ये होती. त्या रविवारी रुळांचं काम चालू होतं, ट्रेनऐवजी बस लावल्या होत्या, पोचायला दुपार उलटली असती. त्याच्याकडे गाडी नव्हती.

"दोन-तीन दिवस किल्ली दे," तो म्हणाला. "इन्शुरन्स मी फोनवरून काढतो."

मी त्याला आत घेतलं. बसवलं. आणि लॅपटॉप उघडला. आज लिहितानाही हे वाक्य मला खुपतं, पण झालं तसंच. मंजुरीचं पत्र शोधलं, ती ओळ काढली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. मी त्याला समजावत होतो. मी सही केलीय, पुढे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचाय, त्यात असं काही निघालं तर तीन माणसांचं घर उठेल. यातला एक शब्दही खोटा नव्हता.

त्याने ती ओळ वाचली नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"माझी आई तिकडे पडून आहे, अन् तू मला कागद दाखवून राहिला?"

मी म्हटलं, नियम आहे रे.

"कोण बघून राहिलं बे? कस्टमवाला मागे सायकल घेऊन येणार आहे का बर्मिंगहॅमपर्यंत?"

बायकोने त्याला पाणी आणून दिलं. ती मला हळूच म्हणाली, "अहो, देऊन टाका ना." मी मान हलवली. आणि मग, सगळं बोलून झाल्यावर, म्हणालो, चल, मी तुला सोडतो.

तो उठला. दुसरा मार्ग नव्हता म्हणून आला.

आमच्या गाडीत शेजारी बसणारा माणूस उजवीकडे बसतो. म्हणजे इथे जिथे चालक असतो तिथे, पण हातात स्टिअरिंग नाही. पुढे ट्रक आला की मला उजवीकडची लेन नीट दिसत नाही, ती शेजारच्याला दिसते. एरवी बायको सांगते. त्या दिवशी तो सांगत होता. "थांब." "ये." मोटरवेवर दोन तासांत आम्ही तेवढंच बोललो. पण त्याने एकदाही चुकीचं सांगितलं नाही, आणि मी एकदाही स्वतः मान वळवून खात्री केली नाही. एकमेकांवर इतका राग आणि इतका भरवसा, एकाच गाडीत.

हॉस्पिटलच्या पार्किंगचं तिकीट मशीनही उजवीकडेच होतं. त्याने हात बाहेर काढून तिकीट घेतलं, डॅशबोर्डवर ठेवलं आणि उतरून गेला. वर ये, असं म्हणाला नाही. मी गाडीत बसून राहिलो. तासाभराने मेसेज आला: आई शुद्धीवर आहे. तू निघ.

एकटा परत येताना मी सगळा वेळ डावीकडच्या लेनमध्ये, ट्रकच्या मागे राहिलो.

त्या संध्याकाळी वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. मी सही पाळली, हे त्यांना आवडेल असं मला वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हातारी बरी हाय का आता?" मी हो म्हटलं.

"तुझ्या कागदाचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर तू आधी पायात चप्पल घालायला पायजे होती. कागद गाडीत बसल्यावर बी दाखवता आला असता."

मी त्यांच्याशी वाद घातला. त्यांना इथलं काय कळतंय, असंही बोलून गेलो. त्यावर ते म्हणाले, ते बी खरं, आणि मुलीला फोन द्यायला सांगितलं.

खालच्या मजल्यावरचा मित्र बोलायचा थांबला नाही. जिन्यात भेटला की हसायचा, कचऱ्याचे डबे आज बाहेर ठेवायचेत का, पार्किंग कुठे हलवलं, असलं विचारायचा. फक्त काही मागायचा नाही. ड्रिल मशीन माझ्याकडे असताना त्याने नवीन विकत आणलं. त्याचं खोकं मी कचऱ्याशेजारी बघितलं.

त्याच्या आई बऱ्या झाल्या, काही दिवस त्याच्याकडे राहिल्या आणि नागपूरला निघाल्या. त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. बूट घालून, किल्ली खिशात टाकून खाली गेलो. दारात एअरपोर्टजवळच्या हाउन्सलोहून बोलावलेली टॅक्सी उभी होती आणि तो डिकीत बॅगा ठेवत होता. मी म्हटलं, मी सोडतो ना एअरपोर्टला. तो म्हणाला, "बुक केली रे, तू कशाला त्रास घेतो?" आवाजात काही नव्हतं. म्हणूनच लागलं.

त्याच्या आईने माझा हात धरला. "तूच ना बेटा, याला घेऊन आला होता त्या दिवशी? हा सांगत होता, तू होता म्हणून वेळेत पोचला." मी त्याच्याकडे बघितलं. तो डिकी लावत होता. बाकीचं त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी बारा महिने पूर्ण झाले. आता ती गाडी मी विकू शकतो, उसनी देऊ शकतो, काहीही करू शकतो. दुसरी किल्ली मी आमच्या दाराच्या आतल्या खिळ्याला लावून ठेवली आहे, जिन्यातून आत येणाऱ्याला दिसेल अशी. एकदा तो कुरिअरचं पार्सल द्यायला आला तेव्हा त्याने ती बघितली. पार्सल दिलं, मुलीची शाळा कशी चाललीय ते विचारलं, आणि खाली गेला.