अक्काचा तळहात

ती बोलण्याआधी तळहात पुढे करायची. "बाई, किल्ली द्या." रोज सकाळी, मी शाळेत शिकवायला निघताना, आमच्या दारात.

सोलापुरात भवानी पेठेत आमच्या भिंतीला लागून तिचं घर आणि घरातच तिच्या नवऱ्याचा हातमाग. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. सगळी आळी तिला अक्का म्हणायची. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल, न बोलावता येणारी.

माझे वडील, अण्णा, मिलमध्ये तुटलेले धागे सांधण्यात जन्म गेलेला माणूस. म्हातारपणी त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग आई गेल्याचं, मग माझं नाव. मिलचा भोंगा मात्र विसरले नाहीत. तो वाजला की डबा घेऊन निघायचे. एकदा पार गावाबाहेर सापडले. घरात आम्ही दोघंच. नोकरी सोडून खाणार काय? मी बाहेरून कुलूप लावायला लागले. हौस नव्हती, पण दुसरं काही सुचलंही नाही.

तिसऱ्याच दिवशी अक्का माझ्या वर्गाच्या दारात उभी. हात पुढे. "किल्ली द्या. मामा आतनं दार वाजवून रडायलेत."

सगळा वर्ग बघत होता. मला असा राग आला म्हणून सांगू. हिला कुणी सांगितल्यात नसत्या उठाठेवी? किल्ली दिली तीही रागातच.

शाळेतून परत येऊन बघते तर अण्णा तिच्याकडे सुताची लड मांडीवर घेऊन बसलेले. तेवढ्यात भोंगा झाला. अण्णा उठले. अक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती, तिने मानही वर केली नाही. "मामा, कामावरच हाय की तुमी. बसा."

अण्णा बसले. मला इतक्या महिन्यांत हे एकदाही जमलं नव्हतं.

गंमत पुढे कळली. तुटका धागा मिळेना, म्हणून अण्णा चांगला धागा तोडायचे आणि सांधायचे. दिवसभर. माग अडायचा, नवरा तेलुगूत कुरकुरायचा. मी शरमेने म्हटलं, "अक्का, उद्यापासून नको."

"गाठ लई बारीक बसते मामाची," ती म्हणाली. "राहू द्या की."

त्या सुताची एक चादर निघाली, जागोजागी गाठी असलेली. व्यापाऱ्याने ती परत केली. अक्काने ती अण्णांच्या अंगावर घातली. शेवटच्या आजारात ते त्या चादरीवरून बोट फिरवायचे आणि गाठ लागली की थांबायचे.

"कुणाच्या हातची? पक्की हाय."

"तुमच्याच, अण्णा."

मग त्यांचं तोंड उजळायचं. मला ते ओळखत नव्हते. पण वर्गातल्या त्या दिवसानंतर बंद दारामागे ते कधी रडले नाहीत, आणि त्यासाठी मी अक्काचे पाय धरले असते. तिने धरू दिले नसते, ते वेगळं.

अण्णा गेले. वर्षभराने अक्काच्या घरच्यांनी मागासकट बिऱ्हाड भिवंडीला हलवलं. टेम्पोत बसल्यावर तिने निरोपाला हात बाहेर काढला. मी सवयीने कमरेची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. आधी दोघी हसलो, मग रडू आवरेना.

"आता आत कोण हाय, बाई?" म्हणत तिने किल्ली माझ्या मुठीत परत दिली.

टेम्पो गेल्यावर मी घरात आले, दार सताड उघडं टाकलं आणि ती चादर पांघरून भर दुपारी झोपले.