गाडीमागची शेगडी

धुळ्याचा तो मिस्त्री मला मुळीच आवडत नाही. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर आलं, तेव्हा त्याने अर्ध्या गावाच्या मोटारींमागे कोळशाच्या गॅसची शेगडी बसवून दिली. मी डॉक्टर. माझी गाडी नेली, तर हा बॉनेटवर हात ठेवून विचारतो, "दिनमा कितला येळ बंद करतस नि चालू करतस?" गाडी कोणाचीही असो, आधी हाच प्रश्न.

"तुला काय करायचंय? शेगडी बसव," मी खेकसलो.

त्याने मुकाट्याने एक शेगडी पुढे ओढली, कोळसे पेटवले आणि पंख्याचा दांडा माझ्या हातात दिला. "फिरावा, डाक्तर."

भर दुपारी, कोट घालून, चार गिऱ्हाइकांसमोर मी पंखा फिरवत होतो! वीस मिनिटं झाली, हात भरून आले, कोट काळा झाला, तरी इंजिन चालेल एवढा गॅस होईना. हा आपला विडी ओढत उभा.

"पाशिंजरनी सर्व्हिस मोटारले हाई बराबर शे. सकायमा पेटाडी का संध्याकायलोंग चालस," तो म्हणाला. "तुमले अचानक बलावणं येस. इतलामा बाळंतपणले अडेल बाई काय करी?"

मी दांडा सोडून कोट झटकायला लागलो. पण एवढ्यावर थांबेल तर शपथ! म्हणे, "कुपनं दवाखानाकरता शेतस. दर रविवारले सिनेमाले गाडी कसाले?"

काय हा उद्धटपणा! मी तडक गाडी घेऊन घरी आलो.

त्या रविवारी सिनेमाला पायी गेलो, आणि वाटभर त्याला शिव्या घातल्या.