थोरल्या आईचं भ्या आणि माझं सायन्स

आमच्या थोरल्या आईइतकं घाबरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. ती विजेला घाबरायची, इंजेक्शनला घाबरायची, कुकरच्या शिट्टीलाही घाबरायची. आळेफाट्याला हायवे ओलांडायचा झाला की ती कडेला अशी थबकून राहायची, की शेवटी एखाद्या ट्रकवाल्यालाच दया यायची आणि तो गाडी थांबवून हात करायचा. मग ती ट्रकवाल्यालाच घाबरून मागे सरायची. थोरली आई म्हणजे माझी चुलती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते गेले, मूलबाळ नव्हतं, ती आमच्यातच राहिली. वस्तीवरची माणसं तिला तोंडावर 'भित्री' म्हणायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. "हाये भित्री. मग काय करू?" असं ती शांतपणे विचारायची.

आमची वस्ती बोरीच्या शिवारात, बोरीच्या फाट्यापासून बरीच आत. वाटेच्या दोन्ही अंगांना ऊस. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे उसात काय राहतं हे सांगायला नको. बाहेरचे लोक त्याला बिबट्या म्हणतात, गावात वाघ म्हणतात, आणि थोरली आई नुसतं 'तो' म्हणायची. तेही कुजबुजत, उसाकडे पाठ करून. आमचं एक वासरू त्याने गोठ्यातून नेलं होतं. शेजारच्या गावात गवत कापायला वाकलेल्या एका बाईला त्याने धरलं, त्या दिवसापासून थोरली आई परसात भांडी घासायलासुद्धा उभ्यानेच शिकली. हसण्यासारखं दिसायचं ते, पण कुणी हसायचं नाही.

आता याचा शिक्षणाशी संबंध काय, तर सगळाच. आमच्या वस्तीवरच्या सगळ्या मुली दहावीनंतर आर्ट्सला जायच्या, कारण आर्ट्सचे तास दुपारी सुटतात आणि उजेडी घरी पोचता येतं. सायन्सला प्रॅक्टिकल असतात, ती संध्याकाळपर्यंत चालतात आणि थंडीच्या दिवसांत एसटी फाट्यावर येईस्तोवर अंधार पडतो. म्हणजे कुणी काय शिकायचं हे आमच्याकडे एसटीचं वेळापत्रक आणि तो उसातला, असे दोघे मिळून ठरवायचे. कॉलेजातल्या मराठीच्या सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते दरवर्षी स्वागत समारंभात भरल्या गळ्याने सांगायचे, की बोरीकडच्या मुलींना साहित्याची उपजतच ओढ आहे. आमच्या मुली माना खाली घालून ऐकून घ्यायच्या.

मला मात्र सायन्सच पाहिजे होतं. शाळेत बाईंनी एकदा गुलाबी पाण्यात लिंबू पिळून ते रंगहीन करून दाखवलं होतं, तेव्हापासून माझं डोकं त्यातच अडकलं होतं. वडिलांचा पिकअपचा धंदा. भाजीपाला भरून दुपारी निघायचे ते मध्यरात्री परत. संध्याकाळी धारांची वेळ, आईला गोठा सुटत नाही. "फाट्यावरनं तुला आणायला कोण येणार?" या प्रश्नावर सगळं येऊन थांबलं होतं. मी जेवणावर रुसून बसले होते. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली थोरली आई म्हणाली, "मी जाईन की."

वडिलांच्या हातातला घास तसाच राहिला. "वैनी, तुमी?"

"मग काय झालं?"

"तुमाला दिवसा उजेडी भ्या वाटतं."

"ते वाटतंच," ती म्हणाली. "ते काय जातंय व्हय? पर पोरीला शिकायचंय न्हवं."

अशी मी सायन्सला गेले. एसटी फाट्यावर थांबली की टपरीच्या दिव्याखाली थोरली आई उभी असायची. एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी, आणि गळ्याभोवती जाडजूड टॉवेल गुंडाळलेला, कारण तो मानेला धरतो. माझ्यासाठीही एक टॉवेल असायचाच. उन्हाळा असो, घामाच्या धारा लागोत, टॉवेल गुंडाळल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही. मग तिचे नियम. ऊस हलला तरी पळायचं नाही. मागे बघायचं नाही. आणि काही झालं तरी खाली वाकायचं नाही. एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी सवयीने वाकायला गेले तर तिने दंडाला धरून असं ओढलं की दंड आठवडाभर ठणकत होता. "पडू दे तिथंच! मेली चप्पल!" मी एक पाय अनवाणी टाकत घरी आले. सकाळी जाऊन बघितलं तर चप्पल होती तिथेच, आणि तिच्या शेजारून ओल्या मातीत उमटलेले ठसे पलीकडच्या उसात गेलेले होते. थोरल्या आईने ते पाहिले आणि बांधावर मटकन बसली. संध्याकाळी मात्र ती फाट्यावर हजर होती.

वाटेने मोठ्याने बोलत जायचं हा आमच्याकडचा रिवाजच आहे. माणसाचा आवाज आला की तो बाजूला होतो, असं म्हणतात. कुणी मोबाईलवर गाणी लावतं, कुणी जोरजोराने भांडणं उकरून काढतं. थोरल्या आईचा आवाज मुळात बारीक, आणि भीतीने तर तो फुटायचाच नाही. म्हणून बोलायचं काम माझं. रोज रोज बोलायचं तरी काय? तिनेच सुचवलं, "आज काय शिकवलं ते सांग. वरडून सांग." मग मी त्या काळोख्या वाटेने केमिस्ट्री ओरडत निघायचे. मी श्वास घ्यायला थांबले रे थांबले, की ती घाईघाईने विचारायची, "मग पुढं?" बेंझिनच्या कड्याची हकिगत सांगितली तरी "मग पुढं?" आणि इलेक्ट्रॉन गेला की ऑक्सिडेशन, आला की रिडक्शन, हे सांगितलं तरी "मग पुढं?" जणू मी तिला सासुरवाशिणीची कर्मकहाणी सांगते आहे. कधी कधी तिला खरंच काळजी लागायची. "त्या इलेक्ट्रॉनला आसं सारखं हाकलत्यात, त्यो परत येतो का न्हाई?" असं तिने एकदा विचारलं होतं.

या सवयीचा एक तोटा झाला. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या सरांनी तोंडी परीक्षेत साधा प्रश्न विचारला आणि मी उसाच्या पार ऐकू जावं तसं उत्तर खणखणीत ठोकलं. पलीकडच्या मुलीच्या हातातली परीक्षानळी पडली. "अगं, मी बहिरा नाही," सर म्हणाले. मार्क मात्र त्यांनी चांगले दिले.

बारावीच्या त्याच हिवाळ्यातली एक संध्याकाळ मला सांगितली पाहिजे. ऊसतोड सुरू झाली होती. तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो कुठूनही निघतो, म्हणून ते दिवस जास्त वाईट. आम्ही ओढ्यापाशी आलो आणि वस्तीवरची कुत्री भुंकता भुंकता एकदम गप्प झाली. थोरल्या आईने माझं मनगट धरलं. बॅटरीच्या उजेडात, दहाएक पावलांवर, तो वाटेत बसलेला होता. आम्हाला बघून उठलासुद्धा नाही. नुसते डोळे. माझी बोबडी वळली, शिकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. आणि मग माझ्या शेजारून एक आवाज आला. फाटका, चिरका, मी कधीच न ऐकलेला. थोरली आई ओरडत होती, "गेलं म्हंजे ऑक्सिडेशन! आलं म्हंजे रिडक्शन! गेलं म्हंजे ऑक्सिडेशन! आलं म्हंजे रिडक्शन!" एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, काठी आपटत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तो उठला, आळस दिल्यासारखी मान वळवली आणि उसात शिरला.

घरी आल्यावर ती न्हाणीत जाऊन ओकली. आईने पाणी दिलं, त्याने तिने तोंड धुतलं. मी म्हणाले, मी सोडते सायन्स. मनापासून म्हणाले, मला त्या क्षणी आर्ट्स, घर, काहीही चाललं असतं. तिने ओल्या हातानेच माझ्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरले तेव्हा ती टपरीच्या दिव्याखाली उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बारावीला मार्क बरे पडले आणि पुढचा प्रश्न आला. मला केमिस्ट्रीत बी.एस्सी. करायची होती. एक तर तालुक्याच्या कॉलेजात, घरून जाऊन-येऊन, नाही तर पुण्याला हॉस्टेलवर. वडील म्हणाले, तालुक्याला. मीही तालुक्यालाच म्हणाले, कारण मला पुण्याची भीती वाटायची. इतकी माणसं, कुणी ओळखीचं नाही, इंग्रजीत सगळं, नापास झाले तर? थोरली आई तर पुण्याला आमच्या सगळ्यांहून जास्त घाबरणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "पुण्याला जाऊ दे तिला."

"वैनी, आवो जवळ कालेज आसताना..."

"जवळ म्हंजे पुन्हा त्याच गाडीनं येणार. पुन्हा तीन वर्सं." ती थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. "मला न्हाई आता जमायचं, भाऊजी. मी लई भ्याले. दोन वर्सं रोज भ्याले. आता न्हाई."

तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आईने उठून भाकरी उलटली. तिचं बोलणं ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि मग लाज वाटली, की हे कळायला आम्हाला तिच्या तोंडून ऐकावं लागलं. निघताना आळेफाट्याला ती पोचवायला आली आणि गाडीच्या खिडकीशी येऊन बजावून गेली, "सुट्टीला दुपारच्या गाडीनं ये. सांजच्या गाडीनं आलीस तर मी न्हाई यायची, सांगून ठेवते."

तीन वर्षं मी दुपारच्याच गाडीने आले. परवा मात्र चुकलं. बी.एस्सी. संपत आली आहे, आमच्या मॅडमनी एम.एस्सी.साठी हैदराबादचं विद्यापीठ सुचवलं आहे, आणि मला काही सुचेनासं झालं म्हणून मी अचानक घरी निघाले. रस्त्यात गाडी बंद पडली, फाट्यावर पोचले तेव्हा काळोख झाला होता. टपरीच्या दिव्याखाली कुणी नव्हतं. मी वाटेकडे बघितलं आणि एक पाऊलही टाकू शकले नाही. नशिबाने त्या दिवशी वडील घरी होते, फोन केल्यावर मोटारसायकल घेऊन आले.

घरी ओट्यावर थोरली आई बसलेली होती. पायांत चपला घातलेल्या. डोळे सुजलेले. "तुजा फोन आल्यापास्नं उठाया बघतीय गं," ती म्हणाली. "पाय उचलंना. खरंच उचलंना." मी तिच्याजवळ बसले. तिला मिळालेला सगळा धीर तिने माझ्या अकरावी-बारावीत खर्चून टाकला होता आणि स्वतःपुरताही शिल्लक ठेवला नव्हता. आई म्हणाली, अंधार पडला की आता ती परसातसुद्धा एकटी जात नाही.

मी आहे तोवर तिला मी घेऊन जाते. काल संध्याकाळी परसात निघालो तेव्हा मी तिला हैदराबादचं सांगितलं. किती लांब, तिने विचारलं. मी सांगितलं. मला भीती वाटते, तेही सांगितलं. ती माझ्या खांद्याला धरून हळूच म्हणाली, "तू हायेस तवर लई बरं वाटतं बग." आणि लगेच जीभ चावली. "पर जा तू. माझ्यापायी थांबू नको."