शंभर वॅटचे दोन बल्ब

ही हकिकत सांगायचं मी फार वर्षं टाळलं. विषय जवळ आला की काहीतरी निमित्त काढून उठायचो. विहिरीवरची मोटार चालू करून येतो, गाईला पेंड टाकून येतो. आता उठायलाही कुणाचा तरी हात लागतो, त्यामुळे तीही सोय राहिलेली नाही. ज्याला हे सांगायला हवं होतं त्याला आता सांगता येणार नाही. निदान लिहून ठेवतो.

तो माझा साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने माझ्याहून बराच लहान. एकाच घरचे जावई म्हणून तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचो, पण मनात तो कायम धाकटाच होता. त्याच्याविषयी आमच्या नात्यागोत्यात आजही एकच गोष्ट सांगतात, की गाडी चालवताना त्याला डुलकी लागली आणि मोसंबीने भरलेली पिकअप त्याने खड्ड्यात घातली. ते खोटं आहे. ते खोटं मी चालू दिलं.

वडीगोद्रीच्या अलीकडे आमची मोसंबीची बाग होती, त्याची थोडी पलीकडे. माल जालन्याला न्यायला दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघण्यात फळ सुकायचं. म्हणून आम्ही दोघांत मिळून एक जुनी पिकअप घेतली. ट्रॅक्टर आणि जीप मी आधीपासून चालवत होतो. त्याला काहीच येत नव्हतं. माळावर नेऊन मीच त्याला शिकवलं. तेव्हापासून चारचौघांत तो मला साडूभाऊ म्हणायचा आणि गाडीत बसला की उस्ताद. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं.

दुपारी तोडणी, संध्याकाळी भरणी आणि पहाटे अंधारात निघायचं, म्हणजे लिलावाला वेळेत पोचता येई. एक खेप तो न्यायचा, एक मी. अशी काही वर्षं बरी गेली. मग मला पहाटेचा रस्ता नीट दिसेनासा झाला. डांबर कुठे संपतं आणि साइडपट्टी कुठे सुरू होते ते कळेना. समोरून गाडी आली की सगळं पांढरं व्हायचं आणि ती निघून गेल्यावरही काही वेळ पांढरंच राहायचं. तेव्हा माझं वय पंचावन्नच्या पुढे होतं. डोळ्यांत काही असेल हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. डोळे गेले म्हटल्यावर बायको आणि पोरं स्टेअरिंग काढून घेणार, हे मला माहीत होतं. मी दोष दिव्यांना दिला.

"हिचे लाइट लई मंद झालेत," एकदा माल उतरवताना मी म्हणालो.

"मला तर बराबर दिसून राह्यलं, उस्ताद," तो म्हणाला. "काचा पिवळ्या पडल्यात, तेवढ्या घासून घेऊ. अन् लाइट जरा खाली करून घेऊ. माल भरला की हिचं नाक वर होतं, उजेड सगळा लिंबाच्या शेंड्यावर."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवतोय कुठं? जे हाय ते तुमच्याकडूनच उचललेलं हाय."

तो हसला. मला हसू आलं नाही.

त्याच दिवशी माल विकून झाल्यावर त्याला चहाला बसवून मी एकटाच स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर खोकी मांडली. एक होता साधा, गाडीत असतो तसाच. एक निळसर काचेचा. "ये नये लडके ले जाते, चाचा. दिखने को सफेद, मगर धूल में कुछ नहीं दिखता," तो म्हणाला. आणि एक मोठा, अप्परला शंभर वॅट, डिपरला नव्वद. तो त्याने काउंटरखालच्या बॅटरीला लावून दाखवला. दुकानाची मागची भिंत, तिच्यावर टांगलेले पट्टे, आरसे, सगळं एकदम उजळलं. मला तिथल्या खोक्यांवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. कितीतरी महिन्यांत एवढं स्वच्छ काही दिसलं नव्हतं.

"हाच द्या. जोडी."

"देतो. पण चाचा, याला रिले टाकावा लागंल, बॅटरीपासून वेगळी जाड वायर. गाडीची वायर बारीक हाय, गरम होते. समोर वायरिंगवाला हाय, गाडी अर्धा दिवस सोडा त्याच्याकडं."

अर्धा दिवस गाडी सोडायची म्हणजे साडूला कारण सांगणं आलं. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला बघू." त्याने खांदे उडवले आणि जोडी कागदात गुंडाळून दिली. त्याने सांगायचं ते सांगितलं होतं.

बल्ब मीच बसवले. साडूने ते बघितले. पुढच्या खेपेला तो चालवत होता, मी शेजारी. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने बस आमच्या बाजूला आणून थांबवली आणि खिडकीतून डोकं काढलं.

"ओ पावणं, मोसंबी नेऊन राह्यले का सूर्य?"

साडूने हात जोडले. "उस्तादाची हौस हाय, मास्तर. माफी द्या."

"उस्तादाला म्हणावं, हौस घरी दारापुढं लावा."

बसमधले पुढचे दोघेतिघे हसले. साडूही हसला. मी अंबड येईपर्यंत तोंड फिरवून बाहेर बघत बसलो.

मग फ्यूज उडायला लागला. पहिल्यांदा घराजवळ आल्यावर उडाला, दुसऱ्यांदा उजाडता उजाडता. दोन्ही वेळा मीच गाडीवर होतो आणि दोन्ही वेळा निभावलं. तेव्हा साधे बल्ब परत लावले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मग साडूचंच खरं ठरलं असतं. आणि मी केलं ते आमच्याकडे प्रत्येक शेतकरी करतो. विहिरीवरच्या मोटारीला व्होल्टेज कधी पुरतं नाही, फ्यूज सारखा जातो. त्यासाठी विकतची फ्यूजतार कुणी आणत नाही. जुन्या केबलची तांब्याची तार सोलायची, पिळायची, बांधायची. तरीही उडाला तर आणखी जाड बांधायची. टिकला म्हणजे झालं. मोटार जळाली तर ती पुढची गोष्ट. हयातभर तसंच करत आल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी पिकअपच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली. लाइट लागले, टिकले. साडूला सांगितलं नाही. त्याने म्हटलं असतं, दुकानदार काय म्हणला होता?

थंडीचे दिवस होते. त्या दिवशी पाळी माझी होती. पहाटे बाहेर आलो तर धुई एवढी दाट की समोरचा गोठा दिसेना. असल्या धुईत मला काहीच दिसणार नाही हे मला कळत होतं. मी साडूला निरोप पाठवला, गुडघा धरलाय, आजची खेप तुम्ही न्या. तो आला, तोंडाला मफलर गुंडाळून. "गुडघ्याला शेक द्या," म्हणाला आणि गेला.

ऊस कारखान्याला चालला होता, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. अंबडच्या अलीकडे एका वळणावर पिकअपचे दोन्ही लाइट एकदम गेले. पुढे बैलगाडी आहे एवढंच त्याला आठवत होतं, म्हणून त्याने स्टेअरिंग उलट्या बाजूला मारलं. पिकअप खड्ड्यात उतरून बाभळीवर गेली. बैलांना, माणसांना काही झालं नाही. त्याचा पाय डॅशबोर्डखाली चेंगरला. ऊसतोडीच्या माणसांनी त्याला बाहेर काढून एका जीपमध्ये घालून अंबडला दवाखान्यात नेलं.

मी पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. मोसंब्या खड्डाभर पसरल्या होत्या. दरवाजा उघडला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. मला सगळं तिथेच कळलं. लाइटचं बटन वितळून काळं झालं होतं, मागच्या वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. फ्यूजच्या जागची माझी तांब्याची तार मात्र जशीच्या तशी; ती तुटली नाही म्हणूनच बाकीचं जळालं होतं. ती पक्कडीने ओढून काढली आणि खिशात घातली. मग बल्बही काढले.

दवाखान्यात तो शुद्धीवर होता. मला बघून उठायला गेला.

"उस्ताद, एकदम अंधार झाला हो. काही कळलंच न्हाई." मग थांबून त्याने विचारलं, "लाइट गेल्ते का?"

एवढा साधा प्रश्न होता. मेहुणी पाण्याचा गिलास घेऊन उभी होती, तिचा भाऊ होता, गावचे दोघे होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"लाइट चालूच हायेत," मी म्हणालो. "मी आत्ताच बघून आलो."

त्याने डोकं परत उशीवर टाकलं. "मंग डुलकीच लागली असंल मला."

"तरी मी ह्यांना म्हणत होते दाजी, लवकर झोपा म्हणून," मेहुणी माझ्याकडे बघून म्हणाली. "रात्री उशिरापर्यंत गप्पा हाणत बसले."

साडूने मान हलवली. ती गोष्ट तेव्हा पक्की झाली. मी गाडी जालन्याला नेऊन गुपचूप वायरिंग बदलून घेतलं आणि साधे बल्ब बसवले. पुढे पिकअप विकून टाकली.

पाय जुळला, पण लंगडत राहिला. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्याने स्टेअरिंगला परत हात लावला नाही. लोकांनी त्याची पाठ सोडली नाही. लिलावात अडतीचे हमाल विचारायचे, "काय पाटील, झोप झाली का बराबर?" एका लग्नात व्याह्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "पावण्यांना बाज टाका रे, न्हाई तर पंक्तीतच आडवे होतील." तो सगळ्यांबरोबर हसायचा. मी जिलेबी खात बसायचो.

एकट्या बागेवर भागेना म्हणून तो एका कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन झाला. झोपणारा म्हणून नाव झालेला माणूस रात्रपाळीला लागला, याचीही थट्टा झाली. कापूस विकायला गेलो तेव्हा मी त्याला फाटकावर बघितलं. खुर्ची होती, तो उभा होता, दुखऱ्या पायाचा भार काठीवर टाकून.

"बसत का न्हाई हो?"

"बसलं की भरोसा न्हाई ना माझा," तो म्हणाला. "उभं राह्यलं म्हणजे बिलकुल डोळा मिटत न्हाई."

दर दिवाळीला तो भेटला की म्हणायचा, "आपली गाडी घालवली मी, साडूभाऊ." मी म्हणायचो, "जाऊ द्या हो, झालं गेलं." आणि लोक मला मोठ्या मनाचा म्हणायचे. साडूने एवढं नुकसान केलं पण हा एका शब्दाने बोलला नाही, असं माझ्या सासऱ्यांनी भर बैठकीत सांगितलं. मी ते ऐकून घेतलं.

नंतर अंबडला शिबिरात माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं कसं काय चालवून घेतलंत? पट्टी निघाली तेव्हा समोर माझी बायको उभी होती. तिचं तोंड स्पष्ट दिसलं आणि मी मान फिरवली. तिलाही मी काही सांगितलं नाही.

एकदा ठरवून गेलो होतो त्याच्याकडे. त्याच्या थोरल्या मुलाला टेम्पो घ्यायचा होता, लायसनही काढून झालं होतं, आणि हा परवानगी देत नव्हता. मुलाने मला मध्ये घातलं होतं. "आमच्या रक्तातच झोप हाय," साडू मला समजावून सांगत होता. "मी मेलो न्हाई ते नशीब. पोराला कशाला त्या धंद्यात घालू?" माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात त्याने माझा हात धरला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, आपली गाडी मी घालवली. मी म्हणालो, "चहा गार होऊन राह्यला." मुलाने टेम्पो घेतला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो आजारी पडल्याचं कळलं. माझ्या मुलाला गाडी काढायला लावून मी गेलो. वाटेत शब्द जुळवत होतो. खोलीत पंखा चालू होता आणि तो भर दुपारी गाढ झोपला होता. श्वास संथ चालला होता. त्याला असं झोपलेलं मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

"दाजी, उठवू का?" मेहुणीने विचारलं. "तुमचं नाव काढत होते सकाळी."

"नको," मी म्हणालो. "झोपू दे."

तासभर बसलो आणि परत निघालो. दुसऱ्या दिवशी तो गेल्याचा फोन आला.

तिला हो म्हणालो असतो, त्याने डोळे उघडले असते, तर मला एवढंच म्हणायचं होतं: साडूभाऊ, त्या पहाटे तुम्ही जागेच होता. लाइट गेले होते. मी बसवलेल्या तारेने गेले, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुमची काही चूक नव्हती. मला माफ करा.