वन्संचा नवरंग

वन्सं गेल्याची बातमी पुण्याहून ट्रंक कॉलने आली.  फोन जोडणारी मुलगी म्हणाली, "मी त्यांच्या हाताखाली शिकलेय हो... जोडते." तेवढ्यावरून मला काय ते कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, कमलताई. लग्न केलं नाही. मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी कानाला यंत्र लावून काढली आणि निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन राहिल्या. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या, आणि त्याला सर्दी झालीय का तेही सांगायच्या. "माझे कान सरकारमान्य आहेत," असं म्हणायच्या. माझा भरवसा मात्र कागदावर. यादीत नसलेली वस्तू माझ्या घरात येत नाही आणि यादीतली आणायची राहत नाही. वन्संना याची गंमत वाटे, कधी जाचही होत असणार.

पन्नास सालानंतर सलग चार वर्षं आम्ही मे महिन्यात आपट्याला एक बंगली भाड्याने घेतली होती. पनवेलला एस.टी.तून उतरायचं आणि पुढे बैलगाडी. दोन खोल्या, एक पडवी, मागे बांबूचं बेट आणि करवंदीची जाळी, खाली पाताळगंगा. कंदील तीन, मच्छरदाण्या चार, मेतकुटाचा डबा, दुर्बीण... सामानाची यादी मी एप्रिलातच करायची. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागे वेळापत्रक चिकटवणं. सकाळी सात ते नऊ पक्षी, संध्याकाळी पाच ते सहा पक्षी, सहा ते सात कंदिलाच्या काचा पुसणं आणि मुलांचे श्लोक. पक्ष्यांची वही वेगळी होती. तिचा नियमही मीच घातला होता, की दोघांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. त्यासाठी 'साक्षीदार' असा रकानाच आखला होता.

पहिल्याच वर्षी, सुट्टी संपत आली असताना, वन्सं मागच्या अंगणातून आत येऊन म्हणाल्या की बांबूत नवरंग बोलतोय, दोन सुरांची शीळ, ऐक. माझे हात काजळीने भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दुर्बीण घेऊन झाड न् झाड पाहिलं. काही नाही. अर्थात नोंदही नाही. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. मग घरात थट्टा सुरू झाली. डब्यातला लाडू कमी झाला की हे म्हणायचे, "ताईच्या नवरंगाने नेला असेल." मुलांनीही ते उचललं. वन्संही हसायच्या. तिसऱ्या वर्षी एकदा मात्र हसल्या नाहीत. पानावरून उठताना मला एवढंच म्हणाल्या, "सुमन, मी आजवर चुकीच्या माणसाला फोन जोडलेला नाही."

ते मला लागलं. पण नियम म्हणजे नियम.

चौथ्या वर्षी कळलं की मालकाने बंगली विकायला काढलीय, पुढच्या मेमध्ये ती मिळणार नाही. वन्सं दिवसभर बांबूकडे तोंड करून बसू लागल्या. ही शेवटची संधी होती आणि ती कोणाच्या हातात होती, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. निघायच्या आदल्या दिवशी पाणी भरणारी हिराबाई माझं वेळापत्रक बघत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"वयनी, तो दिवस मावलताना वरडतो. तवा तुमी कंदील पुसत बसता. तो काय तुमच्या घड्यालावर येल? आनि झाडावर नाय, तो खाली पाचोल्यात हाय."

चार वर्षं! पक्षी रोज बोलत होता आणि मी रोज त्याच वेळेला काचा पुसत होते. इतकं चोख वेळापत्रक मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

त्या संध्याकाळी सहाला मी कंदील तसेच ठेवले आणि दुर्बीण घेऊन वन्संच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. पाऊण तास गेला. मग शीळ आली... दोन सूर, स्वच्छ. माझी दुर्बीण सवयीने वर गेली. वन्संनी मनगट धरून ती खाली आणली. स्वतः डोळे मिटून घेतले होते.

"थांब, जोडून देते," त्या कुजबुजल्या. "डावीकडे. बांबूच्या बुडाशी. आणखी खाली."

आणि तो तिथे होता. हिरवी पाठ, डोळ्यावर काळा पट्टा, पंखावर निळा तुकडा, शेपटीखाली लाल. पाचोळा उडवत आमच्याकडे दोन उड्या मारून आला. मी दुर्बीण वन्संना देऊ लागले, तर त्यांनी ती माझ्याकडेच सरकवली. "मला दिसतोय गं. चार वर्षं दिसतोय."

घरात आलो तर मिट्ट काळोख. हे काडी ओढत विचारत होते की कंदील कुठायत, आणि आज बाईसाहेबांचं वेळापत्रक कुठं गेलं. वन्सं उंबरठ्यावर उभ्या राहिल्या, लढाई जिंकून आल्यासारख्या. मी वही काढली. पेन्सिल मी कधी कोणाच्या हातात दिली नव्हती, ती त्यांना दिली. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी तीन ओळी अडवून नाव लिहिलं. साक्षीदारांच्या रकान्यात सह्या झाल्या. वन्संनी आपल्या सहीपुढे 'ऐकला' लिहिलं, मी माझ्या सहीपुढे 'पाहिला'. हे गुपचूप उठले, लाडवांचा डबा आणला आणि पहिला लाडू ताईच्या हातावर ठेवला. पुढे लाडू कितीही कमी झाले, नवरंगाचं नाव कोणी घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याला त्यांची खोली आवरायला गेले. यादी करूनच गेले होते. आपट्याहून त्यांच्याबरोबर गेलेली पक्ष्यांची वही त्यांच्या उशाशी सापडली. ती यादीत नव्हती, तरी घरी आणली. आज सकाळी ओट्यापाशी उभी असताना खिडकीबाहेर तांबट बोलला, ठोक ठोक ठोक. पानांत कुठे दिसला नाही. मी शोधायला गेले नाही. वही उघडली आणि नोंद केली. तांबट. ऐकला. साक्षीदार एक.

पुरे आहे.