बाही वर करा

परभणीपासून राणीसावरगावापर्यंतच्या पट्ट्यात आमच्या हिच्या मामांनी ज्याचा दंड तपासला नाही, असा माणूस एक तर अजून जन्मला नसेल किंवा आधीच गेला असेल. मामा झरीचे. निजामी अमलापासून ते सरकारी नोकरीत गावोगाव हिंडून देवी टोचत. रामराम घालण्याआधी समोरच्याची बाही वर सारायची, टोचल्याचा वण अंगठ्याने दाबून पाहायचा आणि मगच खुशाली विचारायची, ही त्यांची रीत. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले, तर पुढच्या-मागच्यांचे दंड पाहता पाहता रांगेतून बाहेर पडले आणि दर्शनावाचूनच परतले. एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाला बाही वर करायला लावली. वरबाप भडकला, "ओ पाव्हणं, नवरदेव बघायलाव का बैल?"

"बैलाला वण लागत न्हाई," मामा शांतपणे म्हणाले, "नवरदेवाला लागतो." वण सापडला, तेव्हाच मंगलाष्टकं सुरू झाली.

कागदावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी हिशेबी माणूस, तारीख-सहीशिवाय काही खरं मानत नाही. यावरून आमची नेहमी जुंपे. "जावईबापू, कागद भिजला की गेला. वण चितेपोत्तर संगं येतो," असं ते म्हणत. टोचलेल्या जागी आठवड्यात फोड उठला नाही, तर टोचणं वाया गेलं, पुन्हा टोचायचं, हा त्यांचा नियम. त्या नियमाने झरीची कितीतरी पोरं वाचली, हेही मी लिहून ठेवतो.

त्यांचा एकुलता मुलगा आफ्रिकेत मोंबासाच्या बंदरावर कारकून होता. मामींच्या पोटात गाठ झाली. दवाखाना जवळ म्हणून त्यांना परभणीला आमच्या घरी आणलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मामींचं एकच मागणं होतं, "पोराचा हात एकदा हातात घेऊ द्या, मग मी जाते." मुलाला तार केली. त्याचं पत्र आलं: तिकडून हिंदुस्थानात यायला पिवळ्या तापाची सुई लागते, ती घेतली आहे, दहा दिवस झाले की कागद लागू होईल, लगेच विमानाने निघतो. शेवटी बापाचा स्वभाव ओळखून त्याने लिहिलं होतं, "वण मात्र उठला नाही."

मामा पत्र हातात घेऊन उठलेच. "फुकट गेलं टोचणं! उगं धोका कशाला?" स्वतः तारघरात जाऊन त्यांनी तार केली: पुन्हा टोचून घे.

मुलगा आज्ञाधारक. त्याने पुन्हा सुई घेतली. तिथल्या कारकुनाने जुना कागद ठेवून घेतला आणि नव्या तारखेचा दिला. पहिल्या सुईचे दहा दिवस भरताच तो निघाला, पण मुंबईला उतरल्यावर अधिकाऱ्याने ती तारीख पाहिली आणि त्याला तापाच्या संशयितांसाठी राखलेल्या इमारतीत कोंडलं. नव्या सुईचे दहा दिवस भरल्याशिवाय सुटका नाही, अशी त्याची तार आली. पिवळ्या तापाची सुई वण ठेवतच नाही, तिचा पुरावा फक्त कागद, हे आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेव्हा मामांना सांगितलं.

मामी रोज विचारीत, "आला का ओ?"

"मुंबईला आलाय. निघायलाय," मामा सांगत.

चौथ्या दिवशी मामी गेल्या. मुलगा घरी पोचला तेव्हा दहावा जवळ आला होता. मामांनी त्याची बाही वर सारली. लहानपणी त्यांनीच टोचलेले देवीचे दोन वण तेवढे तिथे होते. त्यांवर त्यांनी अंगठा दाबून धरला. पोरगाच म्हणाला, "आबा, तुमी काळजीनंच सांगितलं हुतं."

पुढच्या वर्षी मी झरीला गेलो. मामा ओट्यावर बसले होते. मी सवयीने समोर बसलो आणि बाही वर केली. त्यांनी दंडाकडे पाहिलंदेखील नाही. माझी बाही हळूच खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावईबापू. घरचे समदे बरे हाईत ना?"

दंड न तपासता त्यांनी खुशाली विचारली, ती पहिल्यांदाच.