चिंतामण मास्तरांचा रोमन सूर्य

चिंतामण मास्तर अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवत. शिकवत म्हणजे मुलांना सनावळ्या लिहून द्यायचे आणि स्वतः मनाने भलतीकडेच असायचे. जुन्या नाण्यांचा त्यांना नाद होता. अठ्ठावन्न साली अचलपूरच्या एका तांबटाच्या मोडीच्या ढिगात त्यांना एक हिरवट-काळं नाणं दिसलं. “न्या मास्तर, मले त्याचा काय उपेग?” म्हणत तांबटाने ते तसंच देऊन टाकलं.

घरी त्यांनी भिंग लावलं. एका बाजूला राजाचं डोकं. दुसऱ्या बाजूला उभा पुरुष: डोक्याभोवती किरणं, उजवा हात वर, डाव्या हातात गोळा, कडेने बारीक अक्षरं. हा रोमन लोकांचा सूर्यदेव, हे त्यांनी ग्रंथालयातल्या चित्रांवरून ओळखलं. नागपूरचे एक जाणकार येऊन अक्षरं वाचणार होते; त्यांनी राजाचं नाव सांगितलं, की मास्तरांचा लेख छापून येणार होता. जन्मभर दुसऱ्यांचे लेख वाचलेल्या माणसाला एकदा आपलं नाव छापलेलं बघायचं होतं.

त्या आनंदात त्यांनी बायकोलाही भिंगातून दाखवलं. “हा सूर्यनारायण.” सिंधूताईंनी हात जोडले. घरात पहिल्यांदाच नाण्याला मान मिळाला, म्हणून मास्तर खूश झाले.

जाणकार आले ते नेमके रथसप्तमीला. मास्तर त्यांना बडनेरा स्टेशनवरून घेऊन आले, तर अंगणात गोवरीवर दूध उतू गेलेलं आणि पाटावर मधोमध नाणं. लखलखीत. सिंधूताईंनी चिंच-राखेने घासलं होतं.

“आज त्यांचाच दिवस. देव असा काळा ठेवतात का कोणी?”

जाणकारांनी नाणं उलटसुलट केलं. हिरव्या थराबरोबर अक्षरं गेली होती. पुसट किरणं आणि वर उचललेला हात, एवढंच उरलं होतं.

“सूर्य असावा. कोणत्या राजाचा, ते आता सांगता येणार नाही.” चहा घेऊन ते गेले.

मास्तर रागावले नाहीत, असं लोक सांगतात. साफ खोटं. मी शेजारीच राहायचो. सिंधूताई रडत होत्या आणि मास्तर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. लेख राहिला तो राहिलाच.

पुढच्या रथसप्तमीला सिंधूताईंनी पाट मांडला, पण नाणं मागायची त्यांची हिंमत झाली नाही. मास्तरांनीच नाण्यांची पेटी उघडली. नाणं पुन्हा काळवंडलं होतं. न्हाणीत बसून त्यांनी त्याला चिंच लावली, अंगठ्याने नीट घासलं आणि ओलंच पाटावर ठेवलं.

“सूर्य आहे,” ते बायकोला म्हणाले. “तेवढं तर नागपूरवाल्यांनीही सांगितलंय.”